उमेदवाराचं घर आणि अर्जातला एक रकाना

(हिंजवडीत एका रविवारी संध्याकाळी झालेल्या तरुणांच्या बैठकीतलं भाषण. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



आधीच सांगतो, मी राजकारणातला माणूस नाही. इंजिनिअरिंग केलं, बारा-तेरा वर्षं इथंच फेज वन, फेज टूमध्ये कोड लिहितोय. आयोजकांनी विषय दिला, 'स्थानिक निवडणुकीत उमेदवार कसा निवडावा'. मी म्हटलं, त्यावर बोलायला माझ्याकडे काही नाही, पण एका उमेदवारी अर्जाची गोष्ट आहे. तो अर्ज मी स्वतः भरत होतो. ते म्हणाले, तीच सांगा.

पण आधी आपण सगळे ज्यातून जातो त्या पत्रकाबद्दल बोलू. निवडणूक लागली की दाराच्या फटीतून पत्रक आत येतं. वर नेत्यांचे गोल फोटो, मध्ये हात जोडलेला उमेदवार, मागे 'कौटुंबिक माहिती' आणि 'सामाजिक कार्य'. कौटुंबिक माहितीत वडिलांचं नाव, घराण्याची परंपरा, शिकलेली मुलं. सामाजिक कार्यात रक्तदान शिबिर, वह्यावाटप, आपली वस्ती असेल तर इफ्तार आणि ईद-मिलन. जागा महिलांसाठी राखीव असेल तर बाईंच्या फोटोशेजारी त्यांच्या यजमानांचा फोटो, तोही जरा मोठाच. नावाखाली 'अमुक भाऊंच्या सौभाग्यवती'. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांच्या आहेत, आणि अजून पत्रक छापणाऱ्याला ते पटलेलं नाही.

ही माहिती वाचून आपल्याला काही कळतं का? मला तरी कळत नाही. ज्या घरातून हा माणूस किंवा ही बाई येते, त्या घरात काय चालतं, कोण राबतं, कोणाचं ऐकलं जातं, हे पत्रकात नसतं. 'घरचा मामला आहे, आपल्याला काय करायचंय' असं आपण म्हणतो. कायदा मात्र तसं म्हणत नाही, तो उमेदवाराच्या घरात चांगलाच डोकावतो. माझी गोष्ट तिथूनच सुरू होते.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. आम्ही मुलाणी. गावगाड्यात मुलाण्याचं काम ठरलेलं होतं, हे तुमच्यातल्या गावाकडच्यांना माहीत असेल. घरी आम्ही दखनी बोलतो, दाराबाहेर पाऊल टाकलं की मराठी. चाचा-चाची आणि आम्ही एकाच वाड्याच्या दोन भागांत राहतो. चाचीला तीन मुली. मोठी १९९९ ची, मधली २००१ च्या उन्हाळ्यातली, धाकटी २००४ ची. तिसऱ्या वेळी चाचीला मूल नको होतं. ते तिनं मला खूप उशिरा सांगितलं, मी नोकरीला लागल्यावर. दादीला नातू हवा होता आणि चाचा दादीपुढे बोलायचे नाहीत.

ही चाची गावात काय करायची? आपल्या वस्तीतल्या कुठल्याही बाईचं मयत झालं की गुस्ल द्यायला तिलाच बोलावणं. कोणाला ग्रामीण रुग्णालयात न्यायचं तर चाची सोबत. संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज, रेशनकार्डातली नावं, बचत गटाचे हिशेब, हे सगळं तिच्या एका निळ्या पिशवीत असायचं. ती सातवी शिकलेली. मराठा आळीतल्या बायकासुद्धा पिशवी घेऊन बसलेल्या चाचीकडे कागद वाचून घ्यायला यायच्या. तिचं कधी पत्रक निघालं नाही, त्यामुळे याला कोणी सामाजिक कार्य म्हटलं नाही.

२०१७ मध्ये आमच्या प्रभागातली एक जागा नागरिकांचा मागास प्रवर्ग, स्त्री अशी राखीव निघाली. मुलाणी त्या यादीत येतात. इथं एक आडवळण घेतो, कारण तुमच्यातल्या अनेकांना हे ठाऊक नसतं. बागवान, तांबोळी, अत्तार, मुलाणी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या महाराष्ट्रात ओबीसी आहेत, आणि ते लोकांपर्यंत पोचावं म्हणून जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी गावोगाव फिरून चळवळ उभी केली. दिलीपकुमार त्यांच्या सभांना जायचे. ते व्यासपीठावर आले की लोक सिनेमाचा माणूस बघायला यायचे आणि जातीच्या दाखल्याची माहिती घेऊन घरी जायचे.

तर, जागा निघाली आणि वस्तीनं एकमुखानं चाचीचं नाव घेतलं. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, त्यामुळे तिकिटाची भानगड नव्हती. अर्ज ऑनलाइन भरायचा होता. घरात कॉम्प्युटरवाला मी. शनिवारी रात्री वाकडहून बस धरून गावी गेलो, रविवारी सकाळी लॅपटॉप उघडून बसलो.

नाव, वय, मत्ता, गुन्हे, शौचालय, सगळं झालं. मग अपत्यांचा रकाना आला. १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या अपत्यामुळे ज्याची एकूण अपत्यं दोनपेक्षा जास्त होतात, तो स्थानिक निवडणूक लढवू शकत नाही. चाची त्या अटीत बसत नव्हती. हे आधी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि मी शिकलेला.

खोलीत सात-आठ माणसं होती. दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग कोणीतरी म्हणालं, धाकटीचं नाव थोरल्या भावाच्या रेशनकार्डावर चढवू. म्हणजे माझ्या अब्बांच्या. दुसरा म्हणाला, दत्तक दिली म्हणून कागद करू, शंभराच्या स्टॅम्पवर होतं. चाचा मला म्हणाले, "तू सध्या दोन टाक रे, पुढचं बघू."

मी दोन टाकले.

हे मला आज तुमच्यासमोर सांगायचं होतं. मला कोणी धमकावलं नव्हतं. शपथेवर द्यायची माहिती आहे हे मला कळत होतं. दिवसभर मी हेच काम करतो, चुकीची माहिती आत येऊ नये म्हणून रकान्यांवर तपासण्या लावतो. त्या रकान्यानं मात्र दोन हा आकडा निमूट घेतला आणि मी पुढच्या पानावर गेलो. माझ्या डोक्यात एवढंच होतं की जागा आपल्या हातची जाऊ नये.

धाकटी तेव्हा तेरा वर्षांची. ती चहा घेऊन आली होती आणि दाराशीच थांबली होती. ती म्हणाली, "म्हणजे मी नाहीच का?"

चाचीनं तिच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. "तीन है तो तीनच लिख," म्हणाली. मी समजवायला लागलो की तीन लिहिलं तर छाननीत अर्ज बाद होईल, मग भरून उपयोग काय. ती म्हणाली, मग भरू नको. आणि उठून आत गेली. आम्ही अर्ज भरला नाही. ती जागा दुसऱ्या घराला गेली.

चाचा महिनाभर तिच्याशी धड बोलले नाहीत. वस्तीतली काही माणसं मला म्हणाली, तू शिकलेला असून काही मार्ग काढला नाहीस. दत्तकाचा 'मार्ग' काढला असता तर काय झालं असतं, ते पुढच्याच वर्षी कळलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ओडिशातल्या एका सरपंचाच्या प्रकरणात सांगितलं, की मूल दत्तक दिलं तरी ते तुमच्या मोजणीतून जात नाही.

आता या कायद्याबद्दल. आपल्या समाजात तो निघाला की गाडी लगेच एका रुळावर जाते: हा आपल्याविरुद्ध आहे. २००३ मध्ये जावेद विरुद्ध हरयाणा राज्य हा खटला झाला. हरयाणात पंचायतीसाठी अशीच अट होती, ती मोडून काढायला लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यातला एक मुद्दा धर्मस्वातंत्र्याचा होता. न्यायालयानं म्हटलं, धर्मात एखाद्या गोष्टीला परवानगी असणं वेगळं आणि ती बंधनकारक असणं वेगळं. अट टिकली. नंतर हरयाणानं स्वतःच ती काढून टाकली, महाराष्ट्रानं ठेवली. आमदार-खासदारांना ती लागू नाही. पाच मुलांचा बाप संसदेत बसू शकतो आणि तीन मुलींची आई गावच्या पंचायतीत बसू शकत नाही. हे मला पटत नाही, आणि त्यासाठी मला धर्माचा आधार घ्यावा लागत नाही.

कारण आमच्या घरात ती अट कोणाला लागली ते मी पाहिलं. दादीला निवडणूक लढवायची नव्हती. चाचांनाही नव्हती. ज्या एका व्यक्तीला तिसरं मूल नको होतं, तिलाच तिसऱ्या मुलासाठी घरी बसवलं गेलं. निम्म्या जागा बायकांना देणारा कायदा आणि ही अट एकत्र ठेवून बघा. मूल किती व्हावं हे बहुतेक घरांत बाई एकटी ठरवत नाही, पण अपात्र मात्र ती एकटी ठरते. धर्माच्या नावानं वाद घालताना आपल्यातल्या किती वक्त्यांनी हा मुद्दा काढला?

घरात डोकावायचं तर आणखीही जागा आहेत. सरकारी जमिनीवर कुटुंबातल्या माणसानं अतिक्रमण केलं असेल तर सदस्यत्व जाऊ शकतं, जनाबाई विरुद्ध अपर आयुक्त या २०१८ च्या निकालात ते आलंय. म्हणजे कायद्याच्या लेखी उमेदवाराचं घर ही खासगी गोष्ट उरलेलीच नाही. मग मतदार म्हणून आपण कुठं डोकवायचं, हा प्रश्न राहतो. मी तरी मुलं मोजणार नाही. हा माणूस बाहेर जे वाटतोय ते त्याच्या घरातल्या बायकांना मिळालंय का, ते मी विचारीन.

बद्रुद्दीन तय्यबजींचं नाव तुम्ही ऐकलं असेल, काँग्रेसचे १८८७ च्या मद्रास अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून. ते त्याआधी नगरसेवक होते हे फारसं सांगितलं जात नाही. मुंबई महापालिका १८७२ च्या कायद्यानं उभी राहिली. चौसष्ट सभासद, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. कर भरणाऱ्या मोजक्या लोकांनाच मत होतं, पण मत होतं. १८७३ मध्ये तय्यबजी त्या पालिकेत गेले. तिशीही उलटली नव्हती, इथं बसलेल्या बऱ्याच जणांच्या वयाचे. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले. पुढच्याच वर्षी, १८७४ मध्ये, भाऊ कमरुद्दीन आणि इतरांसोबत त्यांनी अंजुमन-ए-इस्लाम उभी केली. सीएसएमटी स्टेशनसमोरची ती इमारत तुम्ही पाहिली असेल.

शाळा काढणारे पुष्कळ असतात. तय्यबजींनी स्वतःच्या मुली शिकवल्या, आणि तेही अशा काळात की प्रतिष्ठित मुस्लिम घरातली मुलगी शाळेत जाते म्हणजे चर्चेचा विषय. १९०४ मध्ये त्यांनी दोन मुलींना शिकायला इंग्लंडला पाठवलं. आदल्या वर्षी मुंबईत मुस्लिमांच्या शिक्षण परिषदेचे ते अध्यक्ष होते. समाजाला शिक्षणाबद्दल सांगणारा माणूस परिषद संपवून घरी जाऊन वेगळं वागला नाही, एवढं या दोन वर्षांवरून दिसतं. त्यांचं कुटुंब मात्र मोठं होतं. आजच्या अटीत ते ग्रामपंचायतीलाही बसले नसते.

पुण्यात त्याच सुमारास, १८७६ पासून, महात्मा फुले नगरपालिकेचे सदस्य होते. सरकारनियुक्त, निवडून आलेले नाहीत. त्यांच्या घरचं तुम्हाला माहीत आहे: हौद अस्पृश्यांना खुला केलेला, फसवल्या गेलेल्या विधवांसाठी घराचं दार उघडं, आणि अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतलेला. पत्रक छापायचं झालं असतं तर त्यांचं 'कौटुंबिक माहिती' आणि 'सामाजिक कार्य' एकाच ओळीत लिहावं लागलं असतं.

तुम्ही म्हणाल, ही मोठी माणसं झाली. साधी ग्रामपंचायत घ्या. कोल्हापूर जिल्ह्यातलं हेरवाड. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की गावात नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद. सुरगोंडा पाटील तेव्हा सरपंच होते. त्यानंतर राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. रस्ता आणि गटार एवढंच पंचायतीचं काम, असं आपण समजतो. गावानं ठरवलं तर पंचायत घरात काय चालतं तेही बोलू शकते. आपल्या वस्तीतल्या कुठल्या प्रथेवर असा ठराव यावा, ती यादी प्रत्येकाच्या मनात असेलच, मी वाचत नाही.

चाचीकडे परत येतो, कारण तिचं पुढचं सांगायचं राहिलं.

अर्ज भरला नाही म्हणून ती घरी बसेल असं सगळ्यांना वाटलं. मी पुण्याहून फोन केला तेव्हा, मन रमवायला म्हणून, तिला सांगितलं की मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस ग्रामसभेचा सदस्य असतो, त्याला मुलांची अट नाही. तिनं ते डोक्यात ठेवलं. आमच्या वस्तीतली एकही बाई तोवर ग्रामसभेला गेलेली नव्हती. चाची पुढच्या २६ जानेवारीला चौघींना घेऊन गेली. पहिल्या वेळी नुसत्या बसून आल्या. दुसऱ्या वेळी, १ मेला, तिनं विचारलं, "महिला आणि बालकल्याणाचे दहा टक्के असतात, ते यंदा कशावर गेले?" ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातले दहा टक्के त्यावर खर्च करायचे असतात. हे तिला अंगणवाडी सेविकेनं सांगितलं होतं. ग्रामसेवकानं वही उघडली, पानं उलटली, पुढच्या वेळी सांगतो म्हणाला. ती पुढच्या वेळी गेली. त्याच्या पुढच्याही वेळी गेली.

'आमचं गाव, आमचा विकास' चा आराखडा होत होता तेव्हा तिनं कब्रस्तानातल्या नळाचं काम त्यात लिहून घेतलं. मयत धुवायला पाणी लांबून आणावं लागायचं, आणि ते आणणारी तीच होती, त्यामुळे हंड्यांचा हिशेब तिला तोंडपाठ. नळ यायला अडीच वर्षं लागली. त्याच्या उद्घाटनाच्या फोटोत चाची नाही. मी विचारलं तर म्हणाली, त्या दिवशी एकीला दवाखान्यात न्यायचं होतं.

या काळात घरात एक गोष्ट बदलली. चाचा ग्रामसभेच्या दिवशी चहा स्वतः करायला लागले. मी हसलो तर म्हणाले, ती उशिरा येते, काय करणार.

आता आपल्याकडे, हिंजवडीत. इतक्या काचेच्या इमारती, डोक्यावर मेट्रोचे खांब, आणि खाली मुळशी तालुक्यातली ग्रामपंचायत. ती पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यावी अशी मागणी अनेक वर्षं चालली आहे. पाऊस पडला की रस्त्याचा ओढा होतो, सोसायटीत टँकर येतो, आणि आपण ग्रुपवर मीम टाकतो. इथं बसलेल्यांपैकी हिंजवडी, माण किंवा मारुंजीच्या मतदार यादीत किती जणांचं नाव आहे? हात वर करा. चार. पाच. एवढ्या खोलीत पाच. माझाही हात खालीच आहे. मी गावचा मतदार आहे आणि तेरा वर्षं पाणी इथलं पितोय. ज्याचं नाव यादीत नाही त्याला इथल्या ग्रामसभेत बसता येत नाही. एकाच ठिकाणी नाव ठेवता येतं, मग ठरवावं लागतं की आपण राहतो कुठं.

तुमची अडचण मला माहीत आहे. नाव ऐकून फ्लॅट नाकारलेल्यांपैकी मीही एक आहे. तिसऱ्या घरमालकानं होकार दिला. दर अकरा महिन्यांनी घर बदलत असेल तर माणूस म्हणतो, कशाला नाव नोंदवायचं. पण उलटंही बघा. ज्या घरमालकाला तुमच्या मताची गरज नाही, आणि ज्या सदस्यालाही नाही, त्या दोघांना तुम्ही दिसणारच नाही. मी माझं नाव इकडे आणायचं ठरवलंय. त्यामुळे गावच्या पुढच्या निवडणुकीत माझं मत नसेल, आणि ते मला थोडं जड जातंय.

जड जायचं कारण धाकटी. ती आता एकवीस पूर्ण झाली. पंचायतीला उभं राहायला एकवीसच लागतात. वाणिज्य शाखेची पदवी झाली, गावातच ई-सेवा केंद्रात काम करते आणि निळी पिशवी आता तिच्या स्कुटीला अडकवलेली असते. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. मला वाटलं नोकरीबद्दल असेल. म्हणाली, "भाई, जात वैधतेला काय काय लागतं?" राखीव जागेवर लढायचं तर वैधता प्रमाणपत्र लागतं, निदान अर्ज दाखल केल्याची पावती तरी.

आपल्याकडे इथंच घोडं अडतं. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात मास्तरांनी नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं. पुन्हा एक रकाना. आमच्या दादाच्या दाखल्यावर तेच आहे. मग धाकटीनं दादाच्या मोठ्या भावाचा शोध घेतला, शेजारच्या गावच्या शाळेत. चाची सोबत गेली होती. हेडमास्तरांनी जुनं रजिस्टर काढून दिलं, बांधणी सुटलेलं. त्यात एका पानावर शाईनं 'मुलाणी' असं स्वच्छ लिहिलेलं सापडलं. त्याची प्रमाणित प्रत गेल्या सोमवारी मिळाली. वंशावळीचं शपथपत्र मी टाइप करतोय. त्यात चाचीच्या नावापुढे तीन मुली लिहिल्या आहेत. छापायच्या आधी धाकटीनं ते दोनदा वाचून घेतलं.

प्रश्न असतील तर विचारा. नाव नोंदवायचा नमुना सहाचा अर्ज मी प्रिंट करून आणलाय, तिकडे चहाच्या टेबलावर ठेवलाय.